घुरघुर की शिट्टी?

एमबीबीएसची साडेपाच वर्षे, बालरोगशास्त्रातील एमडीची तीन आणि त्यानंतर बालश्वसनविकारांतील डीएम या अतिविशेष पदवीची आणखी तीन, हा हिशेब ऐकल्यावर माझ्या आईने एवढेच विचारले होते, की लहान मुलांच्या छातीत मोठ्यांपेक्षा असे काय वेगळे असते. त्याचे उत्तर मला दिल्लीतल्या तीन वर्षांत मिळत गेले, आणि ते यंत्रांपेक्षा तिथल्या आयांच्या बोलण्यातून अधिक मिळाले.

पहिल्याच आठवड्यात एका बाळाच्या कागदावर मी ‘व्हीझ’, म्हणजे दम्यातली शिट्टी, असे लिहिले, कारण आई म्हणाली होती, की छातीतून ‘घर्र-घर्र’ आवाज येतो. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी तो कागद बाजूला ठेवला आणि आईलाच तो आवाज काढून दाखवायला सांगितले. तिने काढला, तो घशात साठलेल्या कफाचा होता. दम्यात श्वास सोडताना येणाऱ्या बारीक शिट्टीशी त्याचा काहीही संबंध नव्हता. आपण सोलापूरकडे ज्याला घुरघुर म्हणतो, तेच ते. आणि मी मात्र तिच्या शब्दाचे घाईने इंग्रजी करून टाकले होते.

आवाज आत घेताना येतो की सोडताना, हा प्रश्न या अभ्यासक्रमाचा पाया आहे असे मला वाटते. श्वास घेताना छातीतला दाब कमी होतो, त्यामुळे छातीबाहेरचा मार्ग, म्हणजे स्वरयंत्र आणि त्याच्या आसपासचा भाग, आत ओढला जातो; तिथे अडथळा असेल तर कर्कश आवाज श्वास घेताना येतो. श्वास सोडताना उलट छातीतल्या नळ्या दाबल्या जातात, म्हणून दम्याची शिट्टी तेव्हा ऐकू येते. त्यातून बाळाची नळी मुळातच अरुंद. 4 मिलीमीटर व्यासाच्या नळीला आतून सगळीकडे 1 मिलीमीटर सूज आली, तर व्यास निम्मा होतो आणि हवेला होणारा विरोध सोळा पटींनी वाढतो. तेवढ्याच सुजेने मोठ्या माणसाचा फक्त आवाज बसतो. आईच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर होते.

दुर्बीण श्वासनलिकेत घालणे, स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारायला लावून फुफ्फुसांची क्षमता मोजणे, घरच्या व्हेंटिलेटरवरील मुलांची काळजी घेणे हे सारे शिकलो, आणि हाताला सवय झाली की ते जमते. घामाच्या तपासणीचे मात्र मला अजूनही अप्रूप आहे. पिलोकार्पिन हे घाम आणणारे औषध लावून सौम्य विद्युतप्रवाहाने कातडीला घाम आणायचा आणि त्यातले क्लोराइड मोजायचे. ते लिटरला 60 मिलिमोल किंवा त्याहून अधिक भरले, तर सिस्टिक फायब्रोसिसचा, म्हणजे ज्यात कफ घट्ट आणि घाम जास्त खारट होतो अशा आनुवंशिक आजाराचा, संशय बळावतो. 1948 साली न्यूयॉर्कमधील उष्णतेच्या लाटेत या आजाराची मुले शरीरातले मीठ-पाणी कमी होऊन दाखल होऊ लागली, त्यातून घामाचा हा धागा डॉक्टरांच्या हाती लागला. हा गोऱ्या लोकांचाच आजार आहे, असे आपल्याकडे फार काळ मानले गेले. वास्तविक मुलाचा मुका घेतला की खारट लागतो, हे आया सांगत असतात. आपण विचारले पाहिजे.

न विचारण्याची किंमत मी पाहिली आहे. अडीच वर्षांचा एक मुलगा चार महिने दम्याच्या पंपावर होता, आणि आमच्याकडे आल्यावर पहिल्या भेटीत मीही तोच पंप पुढे चालू ठेवला. दुसऱ्या भेटीत उजव्या बाजूला हवा कमी जाते असे कानाला जाणवले, तेव्हा मी खाताना कधी ठसका लागला होता का असे विचारले. आई लगेच म्हणाली, हो, शेंगदाण्याचा लाडू खाताना, पण नंतर तो खेळायला लागला. शेंगदाणा एक्स-रेमध्ये दिसत नाही. त्याच्यामागे अडकून राहिलेली हवा तेवढी दिसू शकते. भूल देऊन ताठ दुर्बिणीने तो तुकडा काढला, तेव्हा त्याच्याभोवती नळी सुजून लाल झाली होती. पहिल्याच दिवशी मी तो प्रश्न विचारला असता, तर त्या मुलाचे निदान त्याच दिवशी झाले असते.

आता सोलापुरात, जिथे शेंगदाण्याची चटणी नाही असे घर सापडणे कठीण, माझ्या केसपेपरवर ठसक्याचा प्रश्न सर्वांत वर छापलेला आहे. त्याखाली पालकांसाठी एक ओळ आहे: बाळाला आवाज येत असताना त्याचा सदरा वर करून, छाती आणि पोट दोन्ही दिसतील असा मोबाईलवर व्हिडिओ काढून आणा.