युलियानाच्या मागावर: श्टोलबेर्ग ते डिलेनबुर्ग

युलियाना म्हणजे स्पेनविरुद्धच्या डच बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याची आई. तिच्या मागावर निघालात की पहिली फसगत तिकिटावरच होते. जर्मनीत श्टोलबेर्ग दोन आहेत. आखेनजवळचे तांब्याच्या धंद्याचे श्टोलबेर्ग आपल्या कामाचे नाही. युलियाना १५०६ मध्ये जन्मली ती हार्त्स डोंगरातल्या श्टोलबेर्गला. रेल्वेचे तिकीट बेर्गा-केल्ब्रा स्टेशनापर्यंत काढा आणि पुढची बस आधीच पाहून ठेवा, विशेषतः शनिवार-रविवारी. वाडा टेकडीच्या सोंडेवर आहे आणि चढ खडा आहे. तरीही हे ठिकाण चुकवू नका. तिचे माहेर इथे अजून उभे आहे.

तिच्या सासरी, डिलेनबुर्गला मात्र खरा धक्का बसतो. जुन्या चित्रांतला तो भलामोठा किल्ला शोधत चढू नका. १७६० मध्ये फ्रेंच तोफांनी तो जाळला. आज वर दिसतो तो १८७२ ते १८७५ दरम्यान बांधलेला विल्हेल्म मनोरा. ती गेल्यानंतर जवळजवळ ३०० वर्षांनी बांधलेला! तिने पाहिलेली एकही खोली वर उरलेली नाही. निव्वळ मनोऱ्यासाठी चढ चढणे व्यर्थ आहे. खरे पाहायचे ते जमिनीखालचे तटबंदीचे भुयारी मार्ग. तिथे वाटाड्याबरोबरच जाता येते, म्हणून वेळ आधी ठरवा. उन्हाळ्यातही जाकीट हवेच. मग खाली गावातल्या चर्चमध्ये जा. १५८० मध्ये तिला तिथेच पुरले.

वंशावळ कागदावर लिहून न्या, नाहीतर नावांत हमखास गोंधळ होतो. पहिला नवरा हानाउचा फिलिप, त्याच्यापासून तिला ५ मुले, तो १५२९ मध्ये वारला. १५३१ मध्ये नासाउच्या विल्हेल्मशी लग्न, त्याच्यापासून १२. हा विल्हेल्म हानाउच्या पोरक्या मुलांचा पालकही होता, त्यामुळे दोन्ही घरे एकाच छताखाली आली. काटारिना दोन, युलियाना आईखेरीज आणखी दोन. माग्डालेना नावाची नासाउची एक मुलगी, शिवाय विल्हेल्मच्या पहिल्या बायकोची एक. प्रत्येक नावापुढे बापाचे घराणे लिहाच.

मुलग्यांपुढे मृत्यूचे साल लिहा. आडोल्फ १५६८, हायलिगरलेची लढाई. लुडविग आणि हाइनरिश दोघेही १४ एप्रिल १५७४, मूकची लढाई. त्या दोघांचे मृतदेह कधी सापडलेच नाहीत. थोरला विल्यम ऑफ ऑरेंज १५८४ मध्ये डेल्फ्टला मारला गेला, पण तो घाव पाहायला ती नव्हती. डिलेनबुर्गच्या चर्चमध्ये उभे राहताना तिच्या हयातीत लढाईत गेलेल्या मुलांची ही तीन नावे हाताशी असू द्या. वरच्या मनोऱ्यापेक्षा ती जास्त सांगतात.

डिलेनबुर्गजवळचे हेरबोर्न गाव वाटेतच आहे, अर्धा दिवस पुरतो.