महिनाभर जुने सिनेमे: आधी टीव्हीची झाडाझडती

एखाद्या वाहिनीवरच्या जुन्या चित्रपटांच्या महिन्याचं वेळापत्रक हाती आलं की बहुतेक जण पेन घेऊन आवडत्या नावांभोवती गोल काढतात. गोल काढायला वेळ आहे. पहिल्या सिनेमाआधी अर्धा तास टीव्हीच्या मेन्यूत घालवा, कारण आजचे टीव्ही दुकानातून येतात ते क्रिकेट आणि बातम्यांसाठी सजवलेले. 1940 च्या दशकातला कृष्णधवल सिनेमा त्या सजावटीत पार विद्रूप दिसतो.

सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सोय. सोनीवर ती मोशनफ्लो, एलजीवर ट्रूमोशन, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी या नावाने लपलेली असते. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेम्सवर, म्हणजे 24 स्थिरचित्रांत, चित्रित झालेला असतो. टीव्ही दोन फ्रेम्सच्या मधल्या फ्रेम्स स्वतःच्या मनाने रचतो आणि पडद्यावरची माणसं दैनंदिन मालिकेत शिरल्यासारखी वावरू लागतात. ही सोय 'कमी' वर नको, पूर्ण बंद करा. 2019 नंतरच्या काही टीव्हींत 'फिल्ममेकर मोड' असतो, तो निवडला की हे आणि पुढचं बरंचसं काम एका झटक्यात होतं. नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड घ्या. 'व्हिव्हिड' तर अजिबात नको.

त्यानंतर नॉइज रिडक्शन बंद. जुन्या फिल्मवरचे बारीक दाणे हा दोष नव्हे, चित्र त्या दाण्यांचंच बनलेलं असतं. ते पुसायला गेलं की चेहरे मेणाचे दिसतात आणि कुणी मान वळवली की मागे पुसट शेपूट उरते. शार्पनेस बहुतेक टीव्हींवर शून्याच्या आसपास आणा. काही कंपन्यांची तटस्थ पातळी मधोमध असते, म्हणून सबटायटलच्या अक्षरांकडे बघत कमी करत जा. अक्षरांभोवतीची पांढरी कड नाहीशी झाली की थांबा. रंगाचं तापमान 'वॉर्म'. पहिली दहा मिनिटं पडदा पिवळट वाटेल, मग डोळा सरावतो. 'कूल'वर कृष्णधवल सिनेमा निळा पडतो. खोलीतल्या उजेडानुसार प्रकाश बदलणारा सेन्सर आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्टही बंद ठेवा, नाहीतर अंधाऱ्या गल्लीतल्या प्रसंगात कुणी काडी पेटवली की सगळा पडदा श्वास घेतल्यासारखा उजळतो आणि पुन्हा मावळतो.

एक छोटी युक्ती. जुन्या पद्धतीच्या ॲनालॉग जोडणीतून कृष्णधवल सिनेमात पट्टेरी कपड्यांवर इंद्रधनुषी झाक दिसत असेल, तर रंगाची पातळी शून्यावर न्या. झाक जाते. दुसऱ्या दिवशी ती परत वर न्यायची आठवण मात्र ठेवा.

आता चौकटीचा प्रश्न. 1932 पासून हॉलिवूडच्या बोलपटांची प्रमाण चौकट 1.37:1 (रुंदी:उंची) होती, म्हणजे जवळजवळ चौरस. 1953 साली सिनेमास्कोप ही रुंद पडद्याची पद्धत आली आणि चौकट थेट 2.55:1 पर्यंत ताणली गेली. पुढे ती 2.35:1 वर स्थिरावली. आजचा पडदा 1.78:1. त्यामुळे जुना बोलपट रुंदीचा फक्त तीन चतुर्थांश भाग व्यापतो आणि डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या येतात. सिनेमास्कोपमध्ये त्याच पट्ट्या वर-खाली. दोन्हींत पट्ट्या असणं बरोबर आहे. जुन्या बोलपटाच्या पट्ट्या घालवायला चित्र ताणलं तर माणसं एक तृतीयांशाने रुंद होतात, झूम केलं तर उंचीचा चौथा हिस्सा कापला जातो. नाचाच्या प्रसंगात तो हिस्सा म्हणजे बहुधा पावलं.

चित्र ताणलेलं दिसलं तर चूक कुठे आहे ते वाहिनीच्या चिन्हावरून ओळखता येतं. गोल चिन्ह गोलच आहे आणि चेहरे मात्र फुगलेले, तर वाहिनीनेच सिनेमा ताणून पाठवलाय. घरी काही करता येणार नाही. चिन्हही अंडाकृती असेल तर सेट-टॉप बॉक्स किंवा टीव्ही दोषी. मग बॉक्सचा मेन्यू उघडा. मेन्यूच्या कडा पडद्याबाहेर गेल्या असतील तर दोष टीव्हीचा: चित्राचा आकार 'ओरिजिनल', 'जस्ट स्कॅन' किंवा 'फुल पिक्सेल' करा. मेन्यू नीट असेल तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये 'पिलरबॉक्स' (डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या) शोधा. कधी चारही बाजूंनी काळं दिसतं, कारण रुंद सिनेमा आधी जवळजवळ चौरस चौकटीत बसवलेला असतो. तेवढ्यापुरता झूम योग्य, पण खालच्या पट्टीत सबटायटल्स असतील तर ती कापली जातील.

आणि 1953 नंतरच्या एखाद्या सिनेमात वरून मायक्रोफोन डोकावला तर ध्वनिमुद्रकाला हसू नका. फिल्मवर उंच चौकट टिपायची आणि थिएटरात वरचा-खालचा भाग झाकून दाखवायचा, अशी तेव्हा सर्रास पद्धत होती. टीव्हीवर तो झाकलेला भाग उघडा पडतो.

वेगाचीही एक गंमत आहे. 50 हर्ट्झची प्रसारणपद्धत असलेल्या देशांत 24 फ्रेम्सचा सिनेमा अनेकदा 25 ने चालवला जातो. दोन तासांचा सिनेमा 115 मिनिटं 12 सेकंदांत संपतो आणि दुरुस्ती केली नसेल तर गाण्याची पट्टीही चढते. सा आणि कोमल रे यांत जेवढं अंतर, त्याच्या साधारण सत्तर टक्के. मिनिटं कमी दिसली की लगेच कात्री लागली असं समजू नये, ते यामुळे. मूकपटांचं प्रकरण आणखी नाजूक. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचा असल्याने वेग ठरलेला नसे. 18 ने टिपलेली दीड तासाची फिल्म 24 ने चालवली तर साडेसदुसष्ट मिनिटांत उरकते आणि सगळे पळत सुटल्यासारखे दिसतात.

आता पेन घ्या. वेळापत्रकात नावाबरोबर साल आणि मिनिटं बघायचीच. 'अ स्टार इज बॉर्न' हे नाव 1937, 1954, 1976 आणि 2018 अशा चार सिनेमांचं आहे. त्यातल्या 1954 च्या सिनेमाला प्रदर्शनानंतर कात्री लागून तो 154 मिनिटांचा झाला. 1983 साली तो 176 मिनिटांपर्यंत पुन्हा जुळवला गेला, आणि न सापडलेल्या दृश्यांच्या जागी स्थिरचित्रं लावली. ही आवृत्ती लागली तर मध्येच चित्र थिजल्यासारखं वाटेल. बॉक्स रीस्टार्ट करू नका!

जाहिराती घेणाऱ्या वाहिनीवर सोपं गणित करा. 100 मिनिटांचा सिनेमा दोन तासांच्या जागेत ठेवला असेल तर ठीक. 150 मिनिटांचा सिनेमा अडीच तासांतच बसवलाय? मग जाहिरातींसाठी सिनेमा बहुधा कापलाय. असा पर्याय सरळ सोडावा. शिवाय काही वाहिन्यांचा दिवस पहाटे सहाला सुरू होतो. मंगळवारच्या रकान्यातला रात्री दोनचा सिनेमा कॅलेंडरप्रमाणे बुधवारी असतो, आणि दुर्मीळ सिनेमे नेमके याच वेळी लावतात.

म्हणून रेकॉर्डिंग. वेळ हाताने लावत असाल तर दोन मिनिटं आधी सुरू आणि पंधरा मिनिटं नंतर बंद. सेकंदाला 8 मेगाबिट धरले तर एचडी प्रसारणाचा एक तास 3.6 जीबी घेतो, म्हणजे दोन-दोन तासांच्या तीस सिनेमांना 216 जीबी लागतील. साधा पेनड्राइव्ह टाळा. एकीकडे लिहिणं आणि दुसरीकडे वाचणं सुरू झालं की तो अडखळतो. हार्ड डिस्क जोडताना बहुतेक बॉक्स ती स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करतात, त्यामुळे आधीचा मजकूर पुसला जाईल. रेकॉर्डिंगला अनेकदा कुलूप असतं, ते त्याच बॉक्सवर चालतं. बॉक्स बदलायचा विचार असेल तर महिना संपून सगळं बघून होईपर्यंत थांबा.

निवड करताना सहज कुठेही मिळणारे नामांकित सिनेमे मागे ठेवावेत. आठवड्याला तीन-चारहून अधिक बघून होत नाहीत, मग ते अशा सिनेमांना द्या जे पुन्हा कधी लागतील याचा भरवसा नाही. आणि 1950-60 च्या दशकांतला एखादा भव्य सिनेमा काळ्या पडद्यावर नुसत्या संगीताने सुरू झाला, तर केबल हलवायला उठू नका. प्रेक्षक खुर्च्या शोधेपर्यंत वाजवायचं ते संगीत आहे. मधल्यासुट्टीनंतर ते पुन्हा वाजेल, तेवढ्यात चहा होतो.