स्वतःचा मराठी ब्लॉग: काय मिळतं, काय निस्तरावं लागतं

ब्लॉग काढायला दहा मिनिटं लागतात आणि एक पैसाही लागत नाही. हिशोब खरा सुरू होतो तो तीन-चार वर्षांनी, शंभरेक नोंदी साठल्यावर. फेसबुकवर दोन वर्षांपूर्वी टाकलेला मजकूर लिहिणाऱ्यालाही धड सापडत नाही, व्हॉट्सॲपवरचा तर दुसऱ्या दिवशीच सुप्रभातच्या ढिगाखाली जातो. ब्लॉगवरची नोंद आपल्या पत्त्यावर बसून असते. एखाद्या किल्ल्यावर उन्हाळ्यात पाणी कुठल्या टाक्यात असतं हे तुम्ही कधीकाळी नीट लिहून ठेवलं असेल, तर ते शोधणारा अनोळखी माणूस तिथे पोचतो. माझ्या मते ब्लॉगचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

पण नोंद बसून राहते ती पत्ता जागेवर असेल तर. मराठी ब्लॉगांची सगळ्यात जास्त पडझड इथेच झाली आहे.

ब्लॉगर ही फुकट ब्लॉग काढू देणारी सेवा १९९९ची, २००३ साली ती गुगलने घेतली. २०१२च्या सुमाराला गुगलने भारतातल्या वाचकांना तिथल्या ब्लॉगांच्या नेहमीच्या ‘ब्लॉगस्पॉट डॉट कॉम’ऐवजी ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ असा पत्ता दाखवायला सुरुवात केली. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतून पत्ता उचलून दुसरीकडे डकवणाऱ्यांनी नकळत डॉट इनच डकवला. २०२० साली ते डॉट इन नावच गुगलच्या हातून निसटलं आणि असे सगळे दुवे एका फटक्यात मेले. ब्लॉग जागेवर, मजकूर जागेवर, फक्त रस्ता गायब! उपाय साधा आहे, दुव्यातलं ‘इन’ खोडून ‘कॉम’ करायचं. पण तो नोंदीनोंदीत जाऊन हाताने करावा लागतो. जुना ब्लॉग पुन्हा उघडणार असाल तर पहिलं काम हेच.

यावर कायमचा तोडगा म्हणजे स्वतःचं डोमेन, म्हणजे पैसे भरून आपल्या नावावर घेतलेला पत्ता. डॉट कॉमला वर्षाला साधारण हजार ते दीड हजार रुपये पडतात. पहिल्या वर्षीचा स्वस्त आकडा पाहून घेऊ नका, नूतनीकरणाचा दर बघा. ब्लॉगरला डोमेन जोडायचं तर सेटिंग्जमध्ये ‘कस्टम डोमेन’ निवडून नाव लिहायचं. तिथे सीनेमच्या (हे नाव कुठे न्यायचं ते सांगणाऱ्या) दोन ओळी दाखवतात, त्या डोमेन विकणाऱ्याच्या डीएनएस पानावर, म्हणजे नावाची दिशा ठरवायच्या पानावर, जशाच्या तशा भरायच्या. नंतर एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, सुरू करायचं. लगेच दिसलं नाही तर खटाटोप न करता दिवसभर थांबायचं. जुना ब्लॉगस्पॉटचा पत्ता आपोआप नव्याकडे वळतो, त्यामुळे आधीचे दुवे तुटत नाहीत.

तोटा असा की डोमेनचे पैसे भरायला विसरलात तर तेच वळण वाचकाला मेलेल्या पानावर नेऊन सोडतं. डॉट कॉमची मुदत संपली की विक्रेता काही दिवसांची सवलत देतो, मग तीस दिवसांचा दंड भरून सोडवण्याचा काळ असतो, त्यानंतर पाच दिवसांनी नाव बाजारात. चांगलं चाललेलं नाव लगेच कुणीतरी उचलतं आणि तुमच्या कवितांच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती झळकतात. डोमेन चालवायचं नसेल तर मुदत संपायच्या आधी ब्लॉगरच्या सेटिंग्जमधून ते काढून टाका, म्हणजे जुना मोफत पत्ता पुन्हा जिवंत होतो. आणि डोमेन ‘वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या’ ईमेलवर कधीच घेऊ नका.

मराठीत लिहिणाऱ्याला वर काही खास डोकेदुख्या आहेत, त्या इंग्रजी मार्गदर्शनात कुठेच नसतात. पहिली नोंदीच्या पत्त्याची. ब्लॉगरवर देवनागरी शीर्षक दिलं की पत्त्यात नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा येतो. कुठला दुवा कशाचा, हे पत्त्यावरून कळायला मार्ग नाही. वर्डप्रेस या दुसऱ्या ब्लॉग-सेवेवर उलटा प्रकार. तिथे देवनागरी पत्ता चालतो, पण साठवताना एकेका चिन्हाचे नऊ होतात आणि मर्यादा आहे २०० चिन्हांची. म्हणजे काना-मात्रा वेगळ्या मोजून जेमतेम बावीस. लांब शीर्षक मध्येच छाटलं जातं आणि व्हॉट्सॲपवर तो दुवा टक्क्यांच्या चिन्हांची माळ होऊन पडतो. दोन्हीकडे एकच करायचं: प्रकाशित करण्याआधी पर्मालिंक (नोंदीचा पत्ता) रोमन अक्षरांत, तीन-चार शब्दांत स्वतः लिहायची. नंतर बदललीत तर आधी वाटलेले दुवे तुटू शकतात.

दुसरी डोकेदुखी अक्षरांची. ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरांच्या सामायिक यादीत, २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत, कुणी मध्ये न दिसणारा जोडकही घालत. डोळ्यांना तिन्ही सारखेच, संगणकाला तीन वेगळे. ‘दऱ्याखोऱ्या’मधल्या ऱ्यचं तेच: कुणाचा कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतो, कुणाचा साधा र आणि न दिसणारं चिन्ह. परिणाम लेबलांत, म्हणजे नोंदींना लावलेल्या विषयांच्या नावांत, दिसतो. यादीत ‘दऱ्याखोऱ्या’ दोनदा येतं, एकापुढे कंसात १४ आणि दुसऱ्यापुढे ३, आणि का ते कळत नाही. फोनवरून आणि संगणकावरून आलटून पालटून लिहिणाऱ्यांच्या ब्लॉगवर हे हमखास होतं. लेबलं टाइप करू नका, आधीच्या यादीतूनच निवडा. एवढं पाळलं तरी पुष्कळ.

श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटमधलं लेखन ब्लॉगवर आणायचं असेल तर ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागतं. परिवर्तक फुकट मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप केलेला असतो. युनिकोडमध्ये क्रम उलटा, त्यामुळे परिवर्तकाला ही चिन्हं उचलून जागा बदलावी लागते. जोडाक्षर आलं की तो अडखळतो. म्हणून ‘स्थिती’, ‘व्यक्ती’, ‘दर्शन’, ‘वर्ष’ असे शब्द आणि सगळे आकडे नजरेखालून घालायचे.

फोटोंबद्दल थोडक्यात. मोबाइलचा चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका. रुंदी १,२०० ते १,६०० पिक्सेलवर आणली की तो साधारण दोन-तीनशे केबीत बसतो आणि गावाकडच्या नेटवरही उघडतो. फेसबुकवरच्या फोटोचा पत्ता ब्लॉगमध्ये डकवला तर काही काळाने तिथे रिकामी चौकट राहते, कारण त्या पत्त्याला मुदत असते. आणि मूळ फोटो घरच्या डिस्कवर, नोंदीच्या नावाच्या फोल्डरमध्ये असलेच पाहिजेत. ब्लॉगर काय आणि वर्डप्रेस काय, बॅकअप म्हणून जी फाइल उतरवून देतात तिच्यात मजकूर असतो, फोटोंचे फक्त पत्ते असतात. ही फाइल दर तीन महिन्यांनी उतरवा. फुकटच्या जागेचा मालक आपण नव्हे: ऑर्कुट सप्टेंबर २०१४मध्ये गेलं, गुगल प्लस एप्रिल २०१९मध्ये, आणि ब्लॉगांसाठीच असलेलं टाइपपॅड सप्टेंबर २०२५मध्ये.

आता वाचक. स्वतःच्या ब्लॉगवर ते आयते मिळत नाहीत. मायबोली किंवा मिसळपाव अशा मराठी संकेतस्थळांवर लेख टाकला की तासाभरात कुणीतरी ‘छान’ म्हणतं, कुणीतरी खुसपट काढतं. ब्लॉगवर महिनोन्महिने शुकशुकाट असतो, आणि प्रतिक्रियांत पहिली येते ती कर्ज देणाऱ्याची. प्रतिक्रिया मंजुरीनंतरच दिसतील असं ठेवा. शुकशुकाट सोसत नसेल तर ब्लॉग ही आपली जागा नव्हे, हे मी आधीच सांगेन. जाहिरातींतून पैसे मिळतील या आशेवर तर मुळीच काढू नये. ॲडसेन्स ही गुगलची जाहिरातसेवा मराठीला चालते, पण शंभर डॉलर साठेपर्यंत पैसे खात्यात येत नाहीत आणि एकट्याच्या मराठी ब्लॉगला तिथवर पोचायला वर्षं लागू शकतात.

चोरीचा प्रश्न वेगळा. चांगला जमलेला लेख नाव काढून व्हॉट्सॲपवर फिरणार, हे धरूनच चाला. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिताक्षणी हक्क तुमचाच असतो, नोंदणी लागत नाही, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. दुसऱ्या ब्लॉगवर उचलेगिरी झाली तर गुगलच्या तक्रार अर्जात दोन्ही दुवे देऊन ते पान ब्लॉगरवरून किंवा गुगलच्या शोधातून काढवता येतं. व्हॉट्सॲपपुढे इलाज नाही. लेखाच्या मध्यावर एखाद्या वाक्यात आपलं किंवा ब्लॉगचं नाव गुंफलं तर ढकलणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या नजरेतून ते सुटतं, एवढीच युक्ती. मात्र हक्क आपला म्हणून काहीही लिहिता येतं असं नाही. भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमाखाली बदनामीचा खटला ब्लॉगवरही होऊ शकतो. सरकारी नोकरीत असाल तर वर्तणूक नियम आधी वाचा.

ज्यांना कथा-कविता छापून आणायची आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं. बहुतेक दिवाळी अंकांना अप्रकाशित साहित्य हवं असतं आणि ब्लॉगवर टाकलेलं प्रकाशितच धरलं जातं. उत्तम ते अंकासाठी राखायचं आणि दिवाळीनंतर ब्लॉगवर लावायचं, अंकाशी तसं ठरवून.

गुगलच्या २०२३च्या धोरणानुसार दोन वर्षं न वापरलेलं खातं काढून टाकलं जाऊ शकतं, आणि ब्लॉग त्या खात्याला टांगलेला असतो. म्हणून घरातल्या एखाद्या तरुण माणसाला सेटिंग्जमधून लेखक म्हणून बोलवा आणि त्याने निमंत्रण स्वीकारलं की ‘ॲडमिन’ करा. लिहायचा कंटाळा आला म्हणून ब्लॉग रागाने पुसून मात्र टाकू नका. नोंदी तशाच राहू द्या, आणि कुणी वाचू नये असं वाटलं तर वाचन फक्त आमंत्रितांपुरतं करा.