पांढरी पाचचं विमान

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बेंगळुरूला जाणारं आमचं विमान पंख्याचं असतं. दोन्ही बाजूंना एकेक पंखा, प्रत्येकाला सहा पाती. पहिल्यांदा त्यातून गेले तेव्हा धाकट्यानं फोनवर विचारलं, "आई, भीती वाटली काय गं?" म्हटलं, "भीती नाही वाटली, खरं सूर लागला नाही."

त्याला ते कळलं नाही. तुम्हाला कळावं म्हणून सांगते; विमानात गाणं ऐकायला कानात काय घालावं, ते शोधण्याची ही गोष्ट. मी बेळगावातल्या शहापूरची. पंचवीस वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलं आणि संध्याकाळी भजनी मंडळात पेटीची साथ केली. ज्या गावात रामभाऊ विजापुऱ्यांनी पेटी शिकवली, त्या गावात ‘मी पेटी वाजवते’ असं म्हणायला छाती लागते, म्हणून ‘साथ करते’ एवढंच म्हणते. पण कान पेटीचा आहे. पंखा फिरला, मिक्सर लागला की हा कुठला सूर, हे मनात आपोआप येतं. घरचे हसतात.

विमानात बसल्यावर तेच झालं. उडताना घूं वरच्या सुरात होतं, मग थोड्याच वेळात ते चांगलं गंधाराएवढं खाली उतरलं आणि पुढं तासभर हललं नाही. फोनमध्ये सूर जुळवायचं ॲप होतं ते लावलं. काटा पांढरी पाचवर, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुरावर, तोही खर्जातल्या, खालच्या सप्तकातल्या. मग हिशेब मांडला. या विमानाचा पंखा उडताना मिनिटाला १२०० फेरे घेतो, वर गेल्यावर साधारण ९८०. सहा पाती म्हणजे ९८० गुणिले ६, भागिले ६०. उत्तर ९८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ९८ कंपनं. खर्जातली पांढरी पाच ती हीच. परीक्षेत असं गणित घातलं असतं तर पोरं खूश झाली असती.

आता माझी अडचण ऐका. मी एका जुन्या बैठकीचं ध्वनिमुद्रण ऐकत होते, राग भैरव, गायक काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा, षड्ज. काळी एक षड्ज धरला तर पांढरी पाच म्हणजे तीव्र मध्यम, ‘म’चा चढा प्रकार. भैरवात लागतो तो साधा, शुद्ध. म्हणजे बुवा शुद्ध मध्यम लावताहेत आणि शेजारून विमान तासभर तीव्र मध्यम धरून बसलंय! तानपुऱ्याची पंचमाची तार १०४ हर्ट्झला, विमान ९८ला. दोघं एकमेकांच्या इतकी जवळ की तार ऐकूच येत नाही. आवाज वाढवला की गळा मोठा होतो आणि तानपुरा तसाच बुडालेला राहतो. त्या दिवशी उतरल्यावर संध्याकाळपर्यंत कान सुन्न होते. यमन लावला असता तर निदान मध्यम तरी जुळला असता, त्यात तीव्रच असतो.

तेव्हा कानात काय होतं? फोनच्या डब्यात आलेले साधे इअरफोन, रबर नसलेले, कानाच्या दारात नुसते टेकणारे. घरात रेडिओवर सांगली केंद्र लावतो तेवढ्यापुरते ठीक. विमानात ते म्हणजे पावसात चाळण डोक्यावर धरणं.

दुसऱ्या फेरीआधी खडेबाजारात गेले. दुकानातल्या पोरानं डबी काढून ठेवली. "काकू, हे न्या की ओ. वायर नाही, काय नाही. नॉइज कॅन्सलेशन आहे, बेस तर लई जबरा." मी बाईमाणूस, पांढरे केस, तरी बेस का विकायचा मला? पण डबीवर ‘कॅन्सलेशन’ हा शब्द होता आणि मी भुलले. घरी येऊन चष्मा लावून वाचलं तर तिथं लिहिलं होतं ईएनसी. हे नीट समजून घ्या, कारण बाजारात नव्वद टक्के फसवणूक याच एका अक्षरात आहे. ईएनसी म्हणजे तुम्ही फोनवर बोलत असताना तुमच्या मागचा गोंगाट समोरच्याला कमी ऐकू जावा याची सोय. तुमच्या कानाला तिचा काडीचा उपयोग नाही. तुमच्या कानासाठी जी असते ती एएनसी. मी पैसे मोजले ते मला फोन करणाऱ्या नणंदेच्या सुखासाठी. (नव्वद टक्के हा माझ्या रागाचा आकडा आहे, मोजलेला नाही.)

त्यातला डावा बोंडूक तर बेंगळुरूला उतरताना मागच्या शिडीवर कानातून निसटला. या विमानाला प्रवाशांचं दार मागं असतं. शिडी, वारा, एका हातात कुंद्याची, आमच्या बेळगावी मिठाईची, पिशवी. तो टपटप दोन पायऱ्या उतरला आणि खाली काँक्रीटवर गेला. तिथल्या माणसानं उचलून दिला बिचाऱ्यानं, पण तेव्हाच ठरवलं, ज्याला दोरी नाही ते आपलं नाही. गुरं आणि इअरफोन, दोन्ही बांधलेली बरी.

खरी एएनसी भेटली ती धाकट्याच्या घरी. त्याचा कान झाकणारा मोठा हेडफोन, सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४. परतीला म्हणाला, "ने, लावून तर बघ." सांबऱ्याकडं येताना लावला, बटण दाबलं आणि पांढरी पाच गेली! कुणी पेटीचा भाता सोडावा तशी. तानपुऱ्याची चारही तारा एकेक मोजता आल्या. मी डोळे मिटले, आणि शेजारच्या गृहस्थांना बहुधा वाटलं मला मळमळतंय.

मी शिक्षिका, हे कसं होतं ते मला विचारून घ्यावंच लागतं. हेडफोनच्या बाहेर छोटे मायक्रोफोन असतात. ते बाहेरचा आवाज ऐकतात आणि आतली चकती त्याच्या बरोबर उलटी लाट काढते. चढावर उतार, उतारावर चढ, बेरीज जवळजवळ शून्य. अमर बोस या अमेरिकी बंगाली प्राध्यापकानं १९७८ साली झुरिकहून बोस्टनला विमानातून जाताना याची मांडणी केली. विमानात मिळालेल्या हेडफोनवर गाणं नीट ऐकू येईना, म्हणून चिडून. म्हणजे माझं दुखणं जुनंच आहे. पुढं १९८९मध्ये त्यांच्या कंपनीनं वैमानिकांसाठी तसा हेडसेट विकायला काढला.

ही युक्ती खालच्या, एकसारख्या, न बदलणाऱ्या आवाजावर उत्तम चालते. पंख्याचा सूर म्हणजे तिच्यासाठी पानात वाढून ठेवलेलं जेवणच. रडणारं बाळ, हवाई सुंदरीची घोषणा, मागच्या रांगेतली कुजबुज हे सगळं मात्र बऱ्यापैकी आत येतं. आणि जुन्या ध्वनिमुद्रणातली खरखर जात नाही. ती गाण्याच्या आतली आहे, तिला बाहेरचं कुणी हटवणार नाही. मला ती आवडतेही.

मग घेतला का तसा? नाही. एक तर किंमत. दुसरं, आणि हे कुठल्याही तुलनेत कुणी लिहीत नाही, माझ्या कानात कुड्या असतात. गादी कुडीवर दाबते. अर्ध्या तासात कानाची पाळी दुखायला लागते. चष्म्याची दांडी गादीखालून जाते तिथं फट पडते आणि त्या फटीतून पांढरी पाच परत आत शिरते. वरची पट्टी अंबाड्यात अडकते. हे यंत्र बनवताना कुणाच्या डोक्यावर मापलं असेल ते दिसतंच आहे. कुड्या काढून बसायचं? एकदा काढल्या होत्या, शोधता शोधता जीव गेला.

शेवटी जे घेतलं ते वायरवालं, कानाच्या आत बसणारं, आयईएम म्हणतात तसलं. किंमत दोन हजारांच्या आत. त्यात बॅटरी नाही, मायक्रोफोन नाही, उलटी लाट नाही. ते फक्त कान बंद करतं, बुचासारखं. खालचा सूर हेडफोनएवढा जात नाही हे कबूल. पण वरचं सगळं, कुजबुज आणि बाळ धरून, त्याच्यापेक्षा जास्त थांबतं, आणि कुड्यांना धक्का नाही.

यात सगळं पैशात नसून रबरात आहे. डबीत तीन मापांची रबरं असतात. लोक मधलं लावतात आणि ‘बेस नाही’ म्हणून ओरडतात. बसवून, हनुवटी खालीवर करून, मान वळवून बघायचं. हवा आत येत असेल तर खर्ज गेलाच म्हणून समजा. माझ्या डाव्या कानाला मधलं लागतं, उजव्याला लहान. छप्पन्न वर्षांत मला माहीत नव्हतं की माझे कान वेगवेगळ्या मापाचे आहेत. नंतर मी स्पंजची बोंडं घेतली. चिमटीत दाबून बारीक करायची, कानात घालायची आणि ती फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायची. फरक मोठा पडतो. पेटीच्या भात्याला भोक असेल तर पट्ट्या कितीही चांगल्या असोत, तसंच हे.

त्रासही आहेत. वायर पदराला घासली की कानात खर्र खर्र येतं, म्हणून ती कानाच्या वरून मागं घ्यायची. काही खाल्लं तर स्वतःचं चावणं गिरणीसारखं ऐकू येतं. आणि विमान उतरायला लागलं की ही बुचं काढून टाकायची, हे विसरू नका. बाहेर दाब बदलत असतो, आत हवा कोंडलेली राहते आणि पडद्यावर ताण येतो. मी एकदा तान पुरी ऐकायच्या मोहात ठेवली होती. दोन दिवस डावा कान बंद.

बऱ्याच नव्या फोनना हेडफोनचं भोक नसतं, माझ्याही नाही, म्हणून टाइप-सीचा छोटा डोंगल घ्यावा लागला. तो बोटाएवढाच, हरवायला सोपा. तो, इअरफोन आणि रबरं असं सगळं मी कुंद्याच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवते. सांबऱ्याच्या तपासणीत एकदा त्या बाईंनी डबा उघडायला लावला. कुंदा निघाला नाही याचं तिलाच जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

गाणी आधीच उतरवून घ्यावीत, वर नेट नाही. तासाभराची बैठक ३२० केबीपीएसच्या, म्हणजे चांगल्या दर्जाच्या, एमपी३मध्ये १४४ एमबी होते. विमानात त्याहून भारी फाइल नेण्यात मला अर्थ वाटत नाही, पांढरी पाच चालू असताना तो फरक ऐकणारा कान मी अजून पाहिला नाही. जागा मागची घ्यावी. पंखे पुढच्या रांगांच्या बाजूला येतात, मागं आवाज बराच उतरतो, आणि दारही तिथंच.

लेकीकडं जर्मनीला गेले तेव्हा मात्र मोठा हेडफोन मागून नेला. दहा तासांच्या त्या जेट विमानात एक सूर नसतो, नुसता धबधब्यासारखा सूं असतो. तिथं कुड्या काढल्या आणि पर्समध्ये पिनेनं टाचल्या. पॉवरबँक हातातल्याच सामानात ठेवावी लागते, १०० वॉट-अवरपर्यंत चालते. २०,००० एमएएचची म्हणजे ७४, हिशेब मीच करून दिला जावयाला. समोरच्या पडद्याचं भोक दुहेरी निघालं, एकच पिन घातली तर एकाच कानात आवाज. दोन पिनांचा जोड शंभर-दीडशेला मिळतो, तो मी नेला नव्हता. एका कानानं पिक्चर बघितला, अर्धा.

परवा स्पंजची नवी बोंडं आणायला त्याच खडेबाजारातल्या दुकानात गेले. त्या पोरानं ओळखलं. "काकू, ते वायरलेस कसं आहे ओ?" म्हटलं, "नणंदेला आवडलं." मग त्यानं माझे इअरफोन हातात घेऊन उलटसुलट बघितले, आणि ऐकायला मागितले. मी फोनला लावून दिले. तानपुरा सुरू होता, बुवांनी अजून आकार लावला नव्हता. पोरानं मिनिटभर अगदी मन लावून ऐकलं. मग एक कान काढून मला विचारलं,

"काकू, बेस बरा आहे. खरं गाणं कधी सुरू होतंय?"