शुक्रवारीचा माल : पायलट, जनता आणि एक सेइको

बडोद्यात जुनं घड्याळ हातात आलं की पहिला प्रश्न ब्रँडचा नाही, पाण्याचा. 2019 च्या जुलैअखेरीस आणि पुन्हा 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी घरांत शिरली होती. कपाटाच्या खालच्या खणात भिजलेलं घड्याळ उन्हात वाळवून, काच पुसून ठेवलं तर वरून काही कळत नाही. उलट ते छान टिकटिकतं. म्हणून शुक्रवारीत, म्हणजे शुक्रवारच्या जुन्या बाजारात, विक्रेता घड्याळ कानाला लावायला देतो तेव्हा मान डोलवावी आणि आयग्लास (डोळ्याला लावायचं भिंग) काढावी.

एचएमटी पायलट, मागितलेले 2,200. मशीन 0231, चावीचं, 17 ज्वेल, ताशी 18,000 ठोके. चावी देताना किंचित खरखर जाणवली. पाणी बहुतेक वेळा चावीच्या बाजूनेच आत येतं, त्यामुळे गंजाची सुरुवात स्टेमपासून (चावीची आत जाणारी दांडी) आणि डायलखालच्या सेटिंगच्या, म्हणजे काटे लावायच्या, भागांपासून होते. झाकण उघडून सेटिंग लिव्हरचा (स्टेम धरून ठेवणाऱ्या पट्टीचा) स्क्रू एक-दोन फेरेच सैल करायचा. जास्त फिरवला तर लिव्हर आत सुटतो, मग डायल उतरवल्याशिवाय तो जागेवर बसत नाही आणि विक्रेता तुमच्याकडे जे बघतो ते विचारू नका. स्टेम बाहेर आला तेव्हा चौकोनी भागावर तपकिरी भुकटी होती. पुसल्यावर खाली धातू गुळगुळीत निघाला, खड्डे नाहीत. हा ओलाव्याचा गंज, बुडाल्याचा नव्हे. बुडालेल्या घड्याळात लगच्या (पट्टा अडकतो त्या शिंगांच्या) भोकांत आणि काचेच्या कडेखाली बारीक गाळ सापडतो, डायलवर पाण्याची वळणदार रेघ राहते, स्क्रूंची डोकी काळवंडतात.

हेअरस्प्रिंग, म्हणजे चाल ठरवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग, तिरप्या उजेडात वेटोळ्यागणिक पाहिली. तिथे गंजाचा एक ठिपका दिसला तरी सौदा सोडावा. ती घासून स्वच्छ करता येत नाही. गंजाने पातळ झालेली स्प्रिंग चाल बदलते, मग दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून अख्खा बॅलन्स (डोलणारं चाक, स्प्रिंगसकट) काढावा लागतो. इथे ती स्वच्छ होती.

पूर्ण चावी देऊन टाइमग्राफरवर (ठोके ऐकून चाल मोजणारं यंत्र) बॅलन्सचा झोका : डायल वर ठेवून 232 अंश, चावी खाली ठेवून 178. बीट एरर (टिक आणि टॉकमधला फरक) 0.8 मिलिसेकंद. सपाट स्थितीतला आकडा चालण्यासारखा आहे, पण उभं केल्यावर पन्नासच्या वर पडणं म्हणजे वाळलेलं तेल किंवा झिजलेले पिव्हट (चाकांच्या आसांची टोकं). सर्व्हिसनंतर फरक चाळिसाच्या आत आला तर तेल, नाही आला तर पिव्हट. खरेदीआधी हे ठरवता येत नाही, म्हणून त्याचे पैसे वजा करायचे.

हिशेब असा. मूळ डायलचं, सर्व्हिस झालेलं पायलट आम्ही 3,000 धरतो. सर्व्हिसिंग 700, स्टेम आणि चावी 200, पिव्हटची जोखीम 400. उरतात 1,700. त्याच आकड्यावर बोलणी सुरू आहेत. काचेवरचे ओरखडे हिशेबात घेतलेले नाहीत. ॲक्रिलिक काच पॉलिशने उजळते, आणि नवी बसवली तरी फार खर्च नाही. नवखा माणूस नेमका तिथेच भाव पाडतो.

सेइको 5, मशीन 7009. झाकणावरच्या सहा आकडी क्रमांकात पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरं स्थान महिन्याचं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी ओ, एन, डी ही अक्षरं. दशक क्रमांकातून कळत नाही, ते मॉडेलवरून ठरवावं लागतं. झाकणावर 7009, मशीनवरही 7009, डायलच्या तळाशी मात्र क्रमांकच नाही, आणि डायल भडक नारिंगी. म्हणजे ‘मुंबई स्पेशल’ रीडायल, नव्याने रंगवलेला डायल. आयग्लासखाली अक्षरांच्या कडा पसरट दिसतात, मिनिटांच्या रेघा चिकटवलेल्या खुणांशी जुळत नाहीत. विक्रेता म्हणतो, ‘ओरिजिनल कलर आहे’. डायल हलक्या बोटाने ढकलून पाहिला तर किंचित फिरला, म्हणजे मागचे पाय तुटलेत आणि डिंकावर काम भागवलंय. यातलं मशीन सुट्या भागांसाठी ठीक, आणि तेवढाच भाव.

एचएमटी जनता, 900. सर्वांत स्वस्त, आणि खरं सांगायचं तर सर्वांत गमतीचं. दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जातं म्हणून कोपऱ्यात पडलं होतं. होकायंत्र जवळ नेलं, सुई हलली. चुंबक लागल्याने हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची चालती लांबी घटते आणि घड्याळ धावतं. डीमॅग्नेटायझरवर काही सेकंदांचं काम. पण धावण्याचं दुसरं कारण वेटोळ्यांवर उडालेलं तेल असू शकतं, म्हणून चुंबक काढल्यावरही आयग्लासने बघावं.

याच्या उलट चूक मागे पडणाऱ्या घड्याळाबद्दल होते. टाइमग्राफर प्लस पाच, म्हणजे दिवसाला पाच सेकंद पुढे, दाखवतो आणि काटे मात्र तासाला दोन मिनिटं मागे राहतात. मशीन बिघडलेलं नसतं. मिनिटकाटा जिच्यावर बसतो ती नळी सैल झालेली असते. काटे फिरवताना अजिबात अडखळ लागली नाही तर हेच समजा. नळी आवळणं सोपं आहे, पण जास्त आवळली तर घड्याळ थांबतं.

जनतावरचं चुंबक काढून झालं आहे. सध्या ते डायल वर ठेवून चोवीस तासांच्या चाचणीवर आहे. उद्या चावी खाली ठेवून पुन्हा चोवीस. डायलवरचं ‘जनता’ मूळ छपाईचं दिसतं, फक्त सहाच्या खाली एक पिवळट डाग आहे, तो तसाच ठेवणार.