हळदोण्याचा ट्रम्पेट आणि लाईट गेल्यावरचा सॅक्स

गोव्याला चाललोय म्हटलं की ऑफिसात एकच प्रश्न, कुठला बीच? यावेळी मी हळदोणे म्हणालो तर दोघांनी मॅप उघडला. आल्दोना हो, म्हापशाहून बस मिळते. जूनचा धो धो पाऊस, बसच्या काचा बंद, आत ओल्या छत्र्यांचा वास आणि माझ्या कानात 'अलबेला'ची गाणी. भगवानदादा आणि सी. रामचंद्र म्हणजे आपल्या घरातलीच माणसं, पण त्या गाण्यांमागे ज्याचा बँड होता तो माणूस या हळदोण्याचा. आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, मुंबईत ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट. पिक्चरमध्ये पडद्यावरही दिसतो तो.

अमेरिकेतला जॅझ ट्रम्पेटवाला आणि गायक लुई आर्मस्ट्राँग, तर हा हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे त्याला, आणि त्यानेही ते मनावर घेतलेलं, तसाच रुमाल, तसाच खरखरीत गळा. खरं सांगू का, मला तो नकलाकारच वाटायचा.

गावात त्याच्या नावाची पाटी कुठे दिसते का बघत फिरलो, मला तरी नाही सापडली. नदीकाठचं पांढरं चर्च बघितलं, पूर्ण भिजलो, चहाच्या दुकानात शिरलो आणि कशासाठी आलोय ते सांगितल्यावर दुकानदाराने समोरच्या घराकडे बोट दाखवलं. तिथे बलकावात, म्हणजे दारासमोरच्या बैठकीच्या ओट्यावर, एक म्हातारे अंकल ट्रम्पेट पुसत बसलेले, फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या जत्रेच्या, बँडमध्ये आयुष्यभर वाजवलेले. "बस रे, पावस खंय थांबता आतां" म्हणाले. मग खालची छोटी चावी दाबून फुंकर मारली, नळीतलं पाणी टपटप लादीवर पडलं, पायाने पुसलं आणि वाजवण्याऐवजी गायला लागले, दो-रे-मी, हाताने मांडीवर ताल देत. पहिली दोन वर्षं म्हणे हेच, वाद्याला हात लावायचा नाही. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळेत पोरांना असं घोटवून घ्यायचे, कागदावरचं नोटेशन पेपर वाचल्यासारखं वाचता यायचं.

आणि इथेच सगळी गंमत आहे. कारण गावात काम नाही म्हणून ही मुलं मुंबईला गेली, तिथे १९३५ मध्ये ताजला लिऑन अॅबीचा अमेरिकेतल्या काळ्या वादकांचा जॅझ बँड आला, नंतर आणखी आले, आणि त्यांच्या वाजवण्यातली खरी मजा कागदावर नव्हती, ती कानानेच उचलायची. मग १९४९ चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलातल्या रात्री थंडावल्या आणि बरेचजण फिल्म स्टुडिओत, तिथे पुन्हा कागद! शंकर-जयकिशनसाठी सेबॅस्टियन डिसोझा वाद्यांचं नोटेशन लिहायचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, त्यांचं नाव १९७७ मध्ये अख्खा देश गात होता आणि आपण समजत होतो की ते बच्चनच्या कॅरेक्टरचं नाव आहे.

चिक नुसता नक्कल करायचा ना, असं मी अंकलना विचारूनच टाकलं. ते हसले. "नक्कल करपाक लेगीत कान जाय." म्हणजे नक्कल करायलाही कान लागतो. पुढे काही नाही, चहा ओतला.

रात्री त्याच बार्देश तालुक्यात एका बारमध्ये चौघांचा बँड ऐकायला गेलो. कीबोर्ड, बास गिटार, ड्रम्स, सॅक्स. जॅझ कळत नाही म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की आपल्यासारखंच आवर्तन असतं, बहुतेक वेळा बत्तीस किंवा बारा बारचं (मात्रांचं नव्हे हां, एक बार म्हणजे बहुधा चार ठोक्यांचा गट), धून एकदा वाजवायची आणि मग तेच आवर्तन फिरत राहतं, वर ज्याची पाळी तो जागच्या जागी नवीन धून बांधतो. फरक इतकाच की आपल्याकडे राग एकच असतो, इथे खालचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट, दर एक-दोन बारला बदलतो, म्हणजे भाड्याचं घर दर मिनिटाला बदलतंय आणि सामान न फुटता हलवायचंय. नेवऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस म्हणूनच मला भारी वाटतात, कलकत्त्याच्या ब्लू फॉक्समध्ये वाजवणारा हा सॅक्सवाला जॅझमध्ये राग घेऊन आला. मडगावच्या बोर्ड्याचे ख्रिस पेरी वेगळे, ट्रम्पेट आणि सॅक्स दोन्ही, आणि गायिका लॉर्नाच्या गळ्यातून कोंकणीला थेट डान्स फ्लोअरवर नेलं.

तर दुसऱ्या गाण्यात सॅक्सचा सोलो रंगात आलेला आणि लाईट गेली. कीबोर्ड मेला, बास मेला. सॅक्सवाल्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत, फक्त आवाज खाली आणला आणि सूर तुटक तुटक, एकेका कॉर्डचे तीन-तीन सूर असे फेकायला लागला की हरवलेली बास आता त्याच्यातूनच ऐकू यायला लागली. ड्रमरने काठ्या ठेवून ब्रश घेतले. बासवाला टाळ्या वाजवायला लागला, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर, आणि आम्ही पब्लिक अर्थातच भजनातल्यासारखे पहिल्यावर! त्याने मोबाईलच्या उजेडात आमच्याकडे बघून मान हलवली, आम्ही सुधारलो, दोन आवर्तनं टिकलो, परत घसरलो.

लाईट आली तेव्हा कीबोर्डवाला मधेच घुसला, एक कॉर्ड चुकीचा लागला, आणि सॅक्सवाल्याने तोच चुकलेला सूर उचलून तीनदा वाजवला.