वायपी नावाची दोन अक्षरं

वायपी म्हणजे एका सर्व्हरवर ठेवलेली वापरकर्त्यांची यादी नेटवर्कवरच्या सगळ्या युनिक्स मशीनना पुरवणारी सेवा. काळ्या पडद्यावर मी तिची 'वायपीमॅच' ही कमांड लिहितो, पुढे एखाद्याचं लॉगिन नाव, त्यापुढे 'पासडब्ल्यूडी', म्हणजे त्या यादीचं नाव. एंटर. एकच ओळ उमटते. सात रकाने, मध्ये कोलन, आणि अख्खा माणूस त्यात मावलेला: नाव, पासवर्डची जागा, त्याचा क्रमांक, गटाचा क्रमांक, मग खरं नाव, होम डिरेक्टरी (लॉगिन केल्यावर तो जिथे उतरतो ती जागा) आणि शेल (त्याच्या कमांडी ऐकणारा प्रोग्रॅम). पाचव्या रकान्याला अजून 'गेकॉस' म्हणतात. बेल लॅब्समध्ये युनिक्सवरून छपाईची कामं जीकॉस ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम चालवणाऱ्या यंत्राकडे धाडायची, तर तिथली ओळख या जागी लिहीत. ते यंत्र कधीच गेलं, रकाना मात्र तसाच.

वायपीचंही तेच. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकात ही सेवा काढली तेव्हा तिचं नाव होतं 'यलो पेजेस', टेलिफोन डिरेक्टरीच्या पिवळ्या पानांवरून. ब्रिटनमध्ये ते नाव ब्रिटिश टेलिकॉमचा ट्रेडमार्क निघालं, म्हणून सेवा एनआयएस, म्हणजे 'नेटवर्क इन्फर्मेशन सर्व्हिस' झाली. कमांडींना कुणी कळवलंच नाही बहुतेक. वायपीकॅट, वायपीमॅच, वायपीबाइंड, सगळ्या जुन्याच टोपणनावाने वावरतात.

टेलिफोन डिरेक्टरीशी मात्र तुलना पुरी जुळत नाही. तिच्यात नावावरून नंबर सापडतो, नंबरावरून नाव शोधायचं तर पानं चाळत बसा. इथे तीच वही (तिला मॅप म्हणतात) दोनदा बांधलेली असते, 'बायनेम' म्हणजे नावावरून आणि 'बाययूआयडी' म्हणजे क्रमांकावरून. फाइलवर मालकाच्या जागी नुसता आकडा दिसला की मी दुसरी वही उघडतो. वायपीकॅट सगळी वहीच अंगावर ओततो; मला नेमका प्रश्न विचारणारा वायपीमॅच आवडतो.

पण एकदा त्यानेच चकवलं. लॉगिन केलं की मी भलत्याच डिरेक्टरीत उतरायचो. वायपीमॅच म्हणे, सगळं ठीक आहे. सर्व्हरवर दोनदा 'मेक' ही कमांड चालवून मॅप नव्याने बांधला, तरी तेच. शेवटी 'गेटएंट' या दुसऱ्या कमांडला विचारलं, तर त्याने वेगळीच ओळ दाखवली! वायपीमॅच फक्त सर्व्हरला विचारतो. गेटएंट, आधी कुठे शोधायचं ते सांगणाऱ्या 'एनएसस्विच' फाइलमध्ये लिहिलेल्या क्रमाने जातो, आणि तिथे लिहिलं होतं: आधी फाइल्स, मग एनआयएस. माझ्याच मशीनवरच्या फाइलमध्ये माझ्या नावाची एक शिळी ओळ पडून होती. कधीतरी तात्पुरती म्हणून लिहिलेली, अर्थात मीच.

ओळ पुसली. दोघांना पुन्हा विचारलं. दोघेही तेच बोलले, नेहमीसारखंच, एका ओळीत.